दुसऱ्या लुगड्याचा सल्ला

“बाई, आम्ही तिचा फोन काढून घेतलाय. आता काही त्रास होणार नाही.”

नववीतल्या एका मुलीची आई शाळेच्या पायऱ्यांवर थांबून मला हे सांगत होती. मुलगी आठ दिवस वर्गात आली नव्हती. वक्तृत्व स्पर्धेत ती मध्येच भाषण विसरली, व्यासपीठावर उभ्या उभ्या रडली आणि समोरच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला. त्यातून तिचा रडवेला चेहरा कापून व्हॉट्सॲपचं स्टिकर तयार झालं. मुलांचा स्वतःचा एक ग्रुप आहे, त्यात आम्ही शिक्षक नाही. तिथे कुणी गृहपाठ विचारला की ते स्टिकर, भारत मॅच हरला की ते स्टिकर, कुणाला चाचणीत कमी मार्क पडले की पुन्हा तेच. स्टिकर बनवणारा एक होता. ते पुन्हा पुन्हा टाकणारे पाच-सहा. ग्रुपवर पन्नासच्या वर मुलं आहेत. उरलेली चाळीस-पंचेचाळीस ते रोज पाहत होती.

आणि फोन गेला तो जिचा छळ झाला तिचा. त्या माउलीला मी दोष देत नाही, तिच्या हातात तेवढंच होतं. पण बावीस वर्षं पुण्यात शिकवताना मी हेच पाहत आले आहे. बसमध्ये कुणी त्रास दिला तर मुलीची बस बदलतात. क्लासहून येताना कुणी मागे येतो म्हणाली तर क्लास बंद होतो. एखाद्या मुलाला मैदानावर मारतात म्हटलं तर त्याला मधल्या सुट्टीत वर्गात बसायला सांगतात. ऑनलाइन छळात ‘अकाउंट बंद कर’ म्हणतात, ते याच सवयीतून. जागा सोडायची ती त्रास सोसणाऱ्यानं.

ऑनलाइन छळ आणि रोजच्या आयुष्यातली दादागिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच, यावर पालकसभांमध्ये बरंच बोललं जातं. काहींना वाटतं, ऑनलाइनचं काय एवढं, फोन बाजूला ठेवला की संपलं. काहींना ते इतकं नवं आणि भयंकर वाटतं की पोलिसांच्या सायबर शाखेशिवाय कुणी हातच घालू नये. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, आणि त्याचं कारण माझ्या लहानपणात आहे.

मी लहानपणी अडखळत बोलायचे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. नळ खाली चौकात. संध्याकाळी पाणी भरायला उतरले की वाड्यातली तीन मुलं माझं वाक्य माझ्याआधीच तोडून तोडून म्हणायची. “प-प-प-पाणी.” आई म्हणाली, लक्ष देऊ नकोस, कंटाळतील आपोआप. ती कंटाळली नाहीत. मी मात्र हळूहळू बोलायचीच बंद झाले, आणि त्या मुलांना तेवढं बक्षीस पुरेसं होतं.

मग वरच्या मजल्यावरच्या आजी सुपात तांदूळ घेऊन नळाजवळच्या पायरीवर निवडायला बसू लागल्या. त्यांनी मला जवळ घेतलं नाही की धीर दिला नाही. पहिल्या संध्याकाळी एका मुलाला त्याच्या नावानं हाक मारली आणि म्हणाल्या, “तिचं पाणी भरून होईपर्यंत गप्प उभा राहतोस, की तुझ्या आईला खाली बोलावू?” समोरच्या खोलीतल्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आणखी कुणीतरी खिडकीतून “बरोबर आहे, रोजचंच झालंय यांचं” असं म्हणालं. म्हणजे रोजचं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजी पंधरा दिवस तिथे बसल्या. त्यानंतर त्यांची गरज पडली नाही.

वाडासंस्कृतीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच वाड्यात एका खोलीतून दुपारी सुनेच्या रडण्याचा आवाज यायचा, आणि तो येऊ लागला की सगळे आपापली दारं लोटून घ्यायचे. आजीसुद्धा. भिंतीला भिंत लागून राहिल्यानं माणूस आपोआप कुणाच्या मदतीला जात नाही. माझ्या वेळी कुणीतरी पायरीवर येऊन बसलं, तिच्या वेळी कुणी आलं नाही. दोघींच्या वाट्याला आलेल्या गोष्टीत एवढाच फरक होता.

नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७० च्या दशकापासून शाळांमधल्या दादागिरीचा अभ्यास केला. दादागिरी ओळखण्याच्या त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही मानल्या जातात: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोन बाजूंच्या ताकदीत फरक असणं. ऑनलाइन छळाला ही व्याख्या लावून पाहताना मी अडले. स्टिकर बनवणाऱ्या मुलानं ते एकदाच बनवलं होतं. अंगापिंडानं तो त्या मुलीपेक्षा लहान आहे, वर्गातही त्याचा दरारा नाही. मग पुनरावृत्ती कुठून आली, आणि ताकद कुठून आली? दोन्ही इतरांनी पुरवली. पुढे पाठवणाऱ्यांनी पुनरावृत्ती पुरवली आणि गप्प पाहणाऱ्यांनी ताकद पुरवली. पन्नास जणांच्या देखत होतं आणि कुणी काही म्हणत नाही, याचा अर्थ पन्नास जणांना ते मान्य आहे असाच ती मुलगी घेणार. नळावर मीही तोच घेतला होता.

कॅनडात काही संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून दादागिरीचे प्रसंग तपासले. २००१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जवळपास नऊ दशांश प्रसंगांमध्ये इतर मुलं हजर होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं असे प्रसंग १९ टक्के. पण जिथे कुणी मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा दादागिरी दहा सेकंदांत थांबली. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं २००६ पासून शाळांसाठी जो ‘किवा’ कार्यक्रम उभा केला, त्याचा मुख्य भर याच बघणाऱ्या मुलांवर आहे. पीडित मुलाला खंबीर बनवा, दादागिरी करणाऱ्याला शिक्षा करा, हे आपण जाणतोच. उरलेल्या वर्गाशी बोलणं मात्र आपल्या शाळांना अजून आपलं काम वाटत नाही.

इथे मला बुधवार पेठेतला भिडे वाडा आठवतो. दगडूशेठ गणपतीच्या समोरचा. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू झाली. राष्ट्रीय स्मारकासाठी ती जीर्ण वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आली. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही गोष्ट आम्ही दर ३ जानेवारीला मुलांना सांगतो. मीही अनेक वर्षं सांगितली. सांगताना दरवेळी त्यांच्या सहनशीलतेवर थांबले. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “बाई, रस्त्यावर बाकीचे लोक नव्हते का?”

होते की! भर पेठेतला रस्ता तो. दुकानदार असतील, देवळात निघालेले असतील, पाण्याच्या घागरी घेतलेल्या बायका असतील. फेकणारे मूठभर असतील, पाहणारे कितीतरी. सावित्रीबाईंचं धैर्य माझ्या लेखी तसूभरही कमी होत नाही, पण ती गोष्ट सांगताना आम्ही नकळत एक सल्ला देत आलो: दुसरं लुगडं जवळ ठेवा. ‘दुर्लक्ष कर’, ‘ब्लॉक कर’, ‘प्रोफाइल लॉक करून ठेव’, ‘फोटो टाकूच नकोस’ ही सगळी दुसरी लुगडी आहेत. ती जवळ असावीत, नसतील तर आज निभाव लागत नाही, हे मला मान्य आहे. मीही मुलींना प्रोफाइल लॉक करायला शिकवते. पण तेवढंच शिकवलं तर रस्ता कुणाचा, हे आपण शेण फेकणाऱ्यांच्या बाजूनं ठरवून टाकतो.

खोट्या नावांमुळे हे सगळं होतं, प्रत्येक खात्याला आधार जोडा म्हणजे आळा बसेल, असं सभांमध्ये हमखास कुणीतरी सुचवतं. त्यामागची चीड मी समजू शकते. पण १८४८ साली भिडे वाड्याच्या वाटेवर शेण फेकणाऱ्यांनी तोंडं झाकली नव्हती. ते उजळ माथ्यानं फेकत होते, कारण गाव आपल्या बाजूचं आहे याची त्यांना खात्री होती. आणि त्याच १८४८ मध्ये, याच पुण्यातले गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या टोपणनावानं ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहू लागले, आणि स्वतःच्याच समाजातल्या रूढींवर त्यांनी कोरडे ओढले. सरकारी नोकरीतल्या माणसाला टोपणनावाचा आडोसा होता म्हणून ते लिहून झालं. आजही सासरच्या छळाबद्दल, जातीवरून होणाऱ्या अपमानाबद्दल लिहिणारी कितीतरी माणसं खऱ्या नावानं लिहूच शकणार नाहीत. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खऱ्या ओळखीची सक्ती करून पाहिली. तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २०१२ मध्ये ती रद्द केली. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तर प्रत्येकाचं नाव, नंबर, घरचा पत्ता सगळ्यांना ठाऊक होता. तरी स्टिकर फिरलंच.

फरक नाहीत असं मात्र नाही, आणि ते लपवून चालणार नाही. नळावरचा छळ पाणी भरून झालं की संपायचा. दार लावलं की मी सुरक्षित होते. या मुलीच्या उशाशी फोन होता. रात्री अकरा वाजता तो थरथरला की कुणी काय टाकलं असेल, या धास्तीनं ती बघायची. न बघणं त्याहून कठीण, कारण उद्या वर्गात सगळ्यांनी काहीतरी पाहिलेलं असणार आणि आपल्याला तेवढं ठाऊक नसणार. फोन काढून घेतल्यावर तर ही धास्ती वाढली, हे तिनं मला नंतर सांगितलं. शिवाय तोंडची चेष्टा हवेत विरते, पण हे स्टिकर किती फोनांमध्ये आहे याचा हिशोब कुणालाच लागणार नाही. आम्ही ग्रुपमधून काढायला लावलं तरी ते कुठेतरी राहणार आहे, हे तिला खरं खरं सांगावं लागलं.

एक फरक मात्र सोसणाऱ्याच्या बाजूचा आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नळावर मला कुणी काय म्हटलं याचा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. बसमधल्या धक्क्याचा, ऑफिसात साहेब दार लावून जे बोलले त्याचा, नणंदेच्या टोमण्याचा पुरावा नसतो. ऑनलाइन छळ तारीख-वेळेसकट लिहून ठेवलेला असतो. घाबरून माणसं नेमका तोच पुसतात. माझ्या भाचीच्या नावानं कुणीतरी खोटं खातं उघडून तिच्या मैत्रिणींना घाणेरडे मेसेज पाठवले, तेव्हा तिनं शरमेनं आपल्या फोनमधलं सगळं उडवलं आणि मग तक्रार द्यायला गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, “मॅडम, तुम्ही तुमचं खातं बंद करा, म्हणजे विषयच मिटला.” म्हणून मुलांना मी आता आधी हे सांगते: ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याच्या खात्याचं नाव आणि वेळ दिसू द्या, लिंक जपून ठेवा, आणि घरातल्या एका मोठ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा.

कायदा नाही म्हणून काही करता येत नाही, हेही खरं नाही. नको म्हटल्यावरही बाईशी वारंवार संपर्क साधणं किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केल्यास पाचपर्यंत. दुसऱ्याच्या नावानं वावरणं, खासगी चित्रं पसरवणं यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलमं आहेत. २०२१ च्या नियमांनी विवस्त्र किंवा बनावट चित्रांबाबत खुद्द त्या व्यक्तीची तक्रार आल्यास ती चोवीस तासांत हटवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं, आणि २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तरही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नंतर चालत नाही, कुठल्याही ठाण्यात खबर नोंदवून घ्यावी लागते. उणिवाही आहेत. कलम ७८ फक्त स्त्रियांना संरक्षण देतं, छळ होणाऱ्या मुलग्यांना तिथे जागा नाही.

पण ‘कुणाला त्रास होईल असं काही लिहिलं की आत टाका’ अशा सरसकट कायद्याची मागणी मी करणार नाही. तसं कलम आपल्याकडे होतं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या मजकुरासाठी अटक झाली, तेव्हा ते कुणाच्या हातातलं हत्यार होतं हे दिसलं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये ते रद्द केलं, आणि ते बरं झालं.

मला जास्त शिकण्यासारखा वाटतो तो १९९९ चा महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा. त्यात रॅगिंग करणाऱ्याला शिक्षा आहेच. पण तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे, आणि त्यानं हयगय केली तर गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. आवार ज्याचं, उत्तर त्याचं. खिशातल्या फोनच्या बाबतीत आवार कुणाचं? कंपन्यांचं तर आहेच, आणि मराठीतल्या शिव्या ओळखणारी पुरेशी माणसं त्यांनी नेमावीत, ही मागणी लावून धरली पाहिजे. पण रोजचा छळ ज्या लहान आवारांत होतो, वर्गाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, नातेवाइकांचा ग्रुप, तिथे आपणच राहतो. ग्रुपवर कुणी काही लिहिलं म्हणून ॲडमिनला आपोआप गुन्हेगार ठरवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं. ते योग्यच आहे. गुन्हेगार नसलात तरी वडीलधारे आहात, आणि कायदा जिथे थांबतो तिथून पुढे वडीलधारेपण सुरू होतं.

आमच्या ओळखीच्या एका बाई धायरीकडच्या सोसायटीत राहतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्च दुप्पट झाला, तेव्हा त्यांनी ग्रुपवर बिलं मागितली. दोघा-तिघांनी त्यांच्यावर झोड उठवली. एकट्या राहतात, रिकामा वेळ आहे, यांना कसला हिशोब कळतो, इथपासून सुरुवात होऊन पुढे त्यांच्या घरी कोण येतं-जातं इथवर. आठवड्याभरात लिफ्टमध्ये शेजारणी बोलेनाशा झाल्या. पडद्यावरची गोष्ट जिन्यात उतरायला एवढाच वेळ लागला. त्या काळात त्यांना अकरा जणांनी वेगवेगळे मेसेज केले: ‘ताई, तुमचं बरोबर आहे’, ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’. अकराच्या अकरा पर्सनलवर. ग्रुपवर एकानंही एक ओळ टाकली नाही. त्या मला म्हणाल्या, त्या शिव्यांपेक्षा हे अकरा मेसेज जास्त लागले.

२७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत सकाळी एका तरुणीमागे एक तरुण कोयता घेऊन धावला. लोक होते, पळापळही झाली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेला एक मुलगा पुढे झाला, त्यानं तो कोयता धरला, मग इतर धावले आणि ती मुलगी वाचली. कोयत्यासमोर उभं राहा असं मी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला सांगू शकणार नाही. पण ग्रुपवर ‘हे बंद करा’ असे तीन शब्द लिहायला कोयता धरावा लागत नाही. फार तर पुढचं लक्ष्य आपण होऊ, ही भीती असते. ती खरी आहे, मुलांनी ती मला बोलून दाखवली. म्हणून एकट्यानं लिहू नका, असं मी त्यांना सांगितलं. आधी तिघं ठरवा आणि एकामागोमाग एक लिहा.

आमच्या वर्गात तसं झालं. एका मुलीनं लिहिलं, मग दोघांनी. स्टिकर येणं पुष्कळ कमी झालं, पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. स्टिकर बनवणाऱ्याला आणि त्या मुलीला समोरासमोर आणून हात मिळवायला लावायचं मी टाळलं. ताकद सारखी नसताना तो समेट होत नाही, तिला आणखी एकदा सगळ्यांसमोर उभं करणं होतं. त्याच्याशी वेगळं बोलले. ती दहाव्या दिवशी वर्गात आली. फोन तिला परत मिळाला आहे. वक्तृत्वाचं नाव अजून काढत नाही.

त्यानंतर मी त्या ग्रुपवरच्या सगळ्या मुलांच्या पालकांना बोलावलं. त्या पाच-सहांच्याच नाही, सगळ्यांच्या. एक वडील दुकान बंद ठेवून आले होते आणि बरेच रागावले होते. “बाई, माझ्या मुलानं काहीच केलेलं नाही. त्यानं ते स्टिकर बनवलं नाही, पुढे पाठवलं नाही, हसलासुद्धा नाही. नुसता होता तो तिथे.”

मी म्हटलं, “त्यासाठीच तुम्हाला बोलावलंय. बसा.”